पाटगावच्या गादीची कुळकथा

कोल्हापूरहून गारगोटीकडे निघाले की वाटेत बिद्री लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. कारखान्याच्या पत्त्यात ‘मौनीनगर’ आहे आणि पुढे गारगोटीला जे. पी. नाईकांनी उभारलेले मौनी विद्यापीठ आहे. ज्यांच्या नावाने हे सारे चालते ते मौनी महाराज पाटगावचे. त्यांचा मठ वेदगंगेच्या उगमाकडच्या डोंगराळ मुलखात आहे. शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला आले होते, हे या भागात पोराटोरांनाही ठाऊक असते. पण १९२० साली याच गादीवर एक मराठा तरुण जगद्गुरू म्हणून बसला, ही हकिकत फारशी कुणी सांगत नाही.

तिचे मूळ पुण्यात आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचे लग्न भटजीवाचून लागले. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. वधूवरांनी एकमेकांना मराठीत शब्द दिला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, ही समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांची श्रद्धा होती. ते देव मोडायला निघाले नव्हते, हे विसरले जाते म्हणून मुद्दाम सांगतो.

अशा लग्नाला खरी हिंमत लागे ती गावात. ग्रामजोशाचा हक्क वतनाचा होता आणि वतनामागे सरकार होते. बोलावले नाही तरी दक्षिणा द्या, असा दावा लागे. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांवर तो लागला, आणि ते मागे हटले नाहीत. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याने जोशाला बोलावलेच नाही त्याच्याकडून दक्षिणा वसूल करता येणार नाही, असा निकाल १८९०च्या सुमारास लागला. राजाश्रय नाही, पदवी नाही, गावचा रोष मात्र रोजचा, अशा स्थितीत एक शेतकरी कुटुंब हे लढले. या साऱ्या कथेत मला सर्वांत मोठे वाटते ते हेच घर.

कोल्हापुरात पुरोहिताच्या अधिकाराचा हा प्रश्न थेट राजाच्या दारात आला. १८९९च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. तिथे पुरोहित क्षत्रियांसाठीचे वेदोक्त नव्हे, शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या लक्षात आणून दिले. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायला नकार दिला. १९०२ साली महाराजांनी त्यांचे इनाम जप्त केले. राजोपाध्ये ब्रिटिश सरकारकडे दाद मागत गेले, पण ती मिळाली नाही. १९११ साली भास्करराव जाधवांच्या पुढाकाराने कोल्हापुरात सत्यशोधक समाज निघाला. बहुजनांतून पुरोहित तयार करणारी शाळाही पाठोपाठ आली.

मग १९२० साली महाराजांनी पाटगावच्या मठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर या शिकलेल्या तरुणाला क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. शंकराचार्यांच्या पीठापुढे हात जोडण्याची गरज मराठ्यांना उरू नये, हा हेतू. जागाही विचारपूर्वक निवडलेली होती, कारण शिवरायांनी मान दिलेल्या गादीला कमी लेखणे कुणालाच सोपे नव्हते.

कित्येक सत्यशोधकांना हे रुचले नाही. एक गुरू उठवून दुसरा बसवायचा, तर जोतीरावांनी सांगितले काय होते? हा आक्षेप मला रास्त वाटतो. ज्याच्या त्याच्या मनाला पटेल तसे वागण्याचा हक्क राजाने राखावा, पण त्या मनावर हुकुमाने गुरू नेमू नये. तरीही महाराजांच्या तळमळीवर शंका घेता येत नाही. शतकानुशतके ‘तुमचा अधिकार नाही’ असे ऐकलेल्या माणसाला त्यांना एकदा अधिकाराच्या आसनावर बसलेले पाहायचे होते.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यानंतर चार वर्षांनी, १९२६ साली, सी. के. बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि न बोलावलेल्या जोशाचा दक्षिणेवरचा हक्क संपला. ओतूरने कोर्टात मिळवलेले आता साऱ्यांचे झाले.

पाटगावला जाल तेव्हा मुलांना शिवरायांच्या भेटीबरोबर १९२०ची ही हकिकतही सांगा, आणि ओतूरच्या पाटलांचे नाव गाळू नका.