तुंबाडची आजी आणि हरवलेले कूळ

आंजर्ल्याला लागून मुर्डी हे गाव आहे. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म १९१३ साली तेथे झाला. दापोली-खेडचा मुलूख त्यांच्या कादंबऱ्यांची हक्काची भूमी ठरला आणि १९८७ साली आलेल्या 'तुंबाडचे खोत' या द्विखंडात्मक कादंबरीत जगबुडीच्या काठच्या एका खोत घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा चढउतार त्यांनी उभा केला. आज मात्र 'तुंबाड' म्हटले की विद्यार्थ्यांना कादंबरी नव्हे, तर चित्रपट आठवतो. या दोहोंमधले नाते भयसाहित्याच्या वाचकाने तपासून पाहावे असे आहे.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुम्बाड' १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. भाषा हिंदी असली तरी त्याचे कूळ मराठी आहे. दिग्दर्शक हे 'थँक्यू मिस्टर ग्लाड'कार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारप यांची 'आजी' ही कथा सांगितली आणि ती त्यांच्या मनात घर करून राहिली. धारपांच्या त्या कथेचे मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत आहे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि तिच्यापाशी एकटे सोडलेले मूल, एवढेच तिचे बीज. किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिणाऱ्या धारपांना परकी भुते मराठी घरात आणून बसवण्याची हातोटी साधली होती. पटकथा चौघांच्या नावावर आहे. हे तीन भागांतले पहिले पर्व असून 'पहाडपांगिरा' आणि 'पक्षितीर्थ' हे पुढचे दोन भाग आपल्या मनात आहेत, असे बर्वे यांनी सांगितले आहे.

म्हणजे भीती धारपांची आणि गावाचे नाव पेंडसे यांचे. परंतु नाव घेताना 'तुंबाडचे खोत'मधला 'खोत' मात्र गळाला. तो शब्द गळाल्याने काय हरवले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा धनी. कुळाकडून पिकाचा हिस्सा घ्यायचा, सरकारात ठरलेला सारा भरायचा आणि उरलेले घरात ठेवायचे. शिवाय वेठ होतीच. कोकणातल्या अनेक चौसोपी वाड्यांच्या जोत्याखाली हा हिशेब आहे. चित्रपटात १९१८ साली कोसळत्या पावसात आपण अशाच एका वाड्यात शिरतो. धन्याला 'सरकार' म्हणतात. वाड्याच्या पोटात देवीचे गर्भाशय आहे, तेथे हस्तर आहे, आणि कणकेची बाहुली देऊन त्याच्या लंगोटातून सुवर्णमुद्रा पळवायच्या आहेत. लोभाचे हे रूपक विलक्षण प्रभावी आहे. मात्र या मुद्रा कोणाच्याही शेतातून येत नाहीत. लुटणारा आहे, लूट आहे. लुटला जातो तो मात्र एक देव. कूळ कोठेच नाही.

कथेचा कालपट या अनुपस्थितीला अधिक बोलके करतो. विनायक सुमारे पंधरा वर्षांनी वाड्याकडे परततो. नेमक्या त्याच सुमारास, १९३३ साली, अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप सुरू झाला. त्यांनी जमिनी कसणे थांबवले, आणि तो संप १९३९पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. चित्रपट १९४७पाशी संपतो. वाडा आता सरकारजमा होणार, या धास्तीने बापलेक शेवटची मोठी झडप घालायला निघतात. प्रत्यक्षातही पुढे १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. चित्रपटाला इतिहासाची चाहूल आहे. त्या इतिहासाचा कर्ता मात्र पडद्याबाहेर राहिला.

भयकथेने समाजशास्त्र का शिकवावे, असे कोणी विचारील. शिकवू नये, हेच खरे. पेंडसे यांची दृष्टीही मुख्यतः खोतांच्या माजघरातूनच बाहेर पाहणारी आहे. परंतु भयकथा कोणाची भीती सांगते, हा प्रश्न साहित्याचाच आहे. वाड्यातल्या मुलाला आजीची भीती वाटते. त्याच वाड्याच्या पायरीशी पिकाचा हिस्सा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आतल्या आजीची गरजच नव्हती. त्याला भिववायला ओटीवर बसलेला माणूस पुरेसा होता. ती दुसरी भीती मराठी भयकथेत फारशी उतरलेली नाही.

पुढच्या भागात सतीप्रथेच्या छायेतील स्त्रीजागृतीचा विषय बर्वे यांनी योजला आहे. तेव्हा या मालिकेला इतिहासातल्या खऱ्या भयाचे वावडे नाही. तोवर 'तुंबाडचे खोत' पुन्हा हाती घ्यावी आणि वाचताना ओटीवरून नव्हे, अंगणातून वाड्याकडे पाहावे. आंजर्ले-मुर्डीच्या वाटेवर अशी अंगणे अद्याप आहेत.