खानदेशच्या लेकी आणि लग्नाच्या वयाचा कायदा

भगिनींनो, बालकांच्या हक्कांविषयी सरकारने काय करावे याची चर्चा मोठमोठ्या सभांतून होत असते. परंतु नुसता कायदा केल्याने काय साधते व काय साधत नाही, हे पाहावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या खानदेशातील लेकींच्या लग्नाचा इतिहास पाहिला तरी पुरे. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी मी तोच विषय घेतला आहे.

जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. आज येथील विद्यापीठ त्यांचे नाव मिरविते. त्यांचे लग्न झाले ते तेराव्या वर्षी. शाळा त्यांना लाभली नाही, आणि ऐन तिशीत वैधव्य आले. त्यांची प्रतिभा जगापुढे आली हे आपले भाग्य. परंतु त्यांच्याबरोबर बोहल्यावर चढलेल्या इतर मुलींचे काय झाले, हे कोणत्या दप्तरात सापडणार?

त्यांच्या लग्नाआधीच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला होता. त्यावरून पुण्यात केवढे रण माजले हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले एवढेच. लग्नाच्या वयाला हातही लावला नाही.

पुढे १९२७ च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. शिकलेल्या स्त्रिया आता या प्रश्नावर स्वतः बोलू लागल्या. १९२८ साली अमरावतीचे मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. रामेश्वरी नेहरू तिच्या सदस्या होत्या. समितीने मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे असे सांगितले, आणि लग्नांची नोंद सक्तीची करावी असेही सुचविले. १९२९ च्या शारदा कायद्यात वय आले. नोंद मात्र आली नाही.

माझ्या मते सारे दुखणे येथेच आहे. वयाचा पुरावाच नसेल तर मुलगी तेरा वर्षांची की पंधरा, हे ठरविणार कोण? शिवाय पोलिसांना आपणहून हात घालता येत नसे. कोणी तरी वर्षाच्या आत न्यायाधीशापुढे फिर्याद द्यावयाची, आणि त्यासाठी शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका लिहून द्यावयाचा. भावकीशी वैर घेऊन, पदरची रक्कम अडकवून शेजारच्या मुलीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? त्यातही कायदा संमत झाला सप्टेंबरात आणि अंमल सुरू झाला १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर लहान मुलांची लग्ने घाईघाईने उरकण्यात आली.

त्यानंतर वय वाढत गेले. १९४९ साली पंधरा, १९७८ साली अठरा. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करारही मान्य केला. २००६ च्या कायद्याने प्रथमच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमण्याची तरतूद केली, गुन्हा दखलपात्र झाला, आणि लहानपणी लग्न झालेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागण्याचा हक्क मिळाला.

तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचे लग्न अठराच्या आत झाले, अशांचे प्रमाण राज्यात शेकडा सुमारे २२, आणि आपल्या धुळे जिल्ह्यात सुमारे ४०. हा आकडा वाचून मान खाली जाते. यांतल्या प्रत्येकीच्या जन्माच्या कितीतरी आधी वय अठरा ठरलेले होते!

मग सरकारने करावे काय? पहिली गोष्ट, जन्माची आणि लग्नाची नोंद एकही न सुटता व्हावी. दुसरी, ज्याच्यावर लग्न थांबविण्याचा भार आहे, त्याला बळ द्यावे. गावात हे काम ग्रामसेवकाकडे असते. त्याला त्याच गावात रोज वावरावयाचे असते. पाठीशी तालुक्याचे अधिकारी व पोलीस उभे नसतील तर तो एकटा कोणाकोणाचा रोष पत्करील? आखाजीला मुहूर्त पाहावा लागत नाही, म्हणून त्या दिवशी लग्नांची गर्दी असते. चौकशी त्याच्या आधी व्हावयास हवी, मांडव पडल्यावर नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांपर्यंत. चौदा ते अठरा ही चार वर्षे मोकळीच राहिली, आणि मुलींची लग्ने नेमकी त्याच वर्षांत होतात. गावची शाळा संपली, पुढची लांब, वेळेवर एस.टी. नाही, आईबाप मजुरीसाठी परगावी निघाले तर वयात आलेली मुलगी ठेवावी कोणाजवळ? अशा घरी लग्न हाच बंदोबस्त वाटतो. आईबापांना दोष देणे सोपे आहे. हायस्कूलची वाट सुरक्षित करणे आणि तालुक्याच्या गावी मुलींचे वसतिगृह चालविणे कठीण आहे, पण मुलीचे रक्षण होते ते त्यानेच.

सरकारची जबाबदारी सरकारने उचलावी, ती आपण मागून घ्यावी. आपल्या आळीतील कोणती मुलगी शाळेतून अचानक दिसेनाशी झाली, हे सरकारी कचेरीच्या आधी आपणांस कळते. तेव्हा १०९८ या क्रमांकावर कळविणे हे चुगली करणे नव्हे. १९२९ साली जे करावयास शेजाऱ्याला पैसे अडकवावे लागत, ते आज विनामूल्य करता येते. एवढे तरी आपल्या मंडळाकडून व्हावे.