एकाच पानावर उर्दू आणि मराठी

परभणी जिल्ह्यात मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. त्यांच्यासाठी उर्दू-मराठी शब्दसंग्रह करायला घेतला. शब्द वहीत तयार होते, पान मात्र जुळेना. मराठी एका सॉफ्टवेअरमध्ये, उर्दू दुसऱ्यात. उर्दूचे चित्र करून मराठीशेजारी चिकटवायचे. मध्ये एक शब्द वाढला की खालची सगळी चित्रे घसरत. पुढे संगणक बदलला, जुना फॉन्ट गेला आणि मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसू लागली. तीन उन्हाळी सुट्ट्यांची मेहनत होती ती.

या दोन लिप्यांचे कधी जमलेच नाही का? तसे नाही. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग शिळाछापावर छापले. उर्दू किताबेही शिळाछापावरच निघत. हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे दगडावर उतरते. लिपी कोणतीही असो, दगडाला फरक पडत नाही. पुढे देवनागरीचे सुबक खिळे पडले, निर्णयसागर छापखान्याने त्यात नाव कमावले. मराठी दगड सोडून पुढे गेली, उर्दू तिथेच राहिली. नस्तालीकचा शब्द तिरका उतरत येतो, अक्षर शेजारी बघून रूप बदलते. खिळ्यांच्या सरळ ओळीत ते बसेना. म्हणून कातिबांची किताबत टिकली. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक लाहोरच्या 'जंग'मध्ये आली. उर्दू संगणकावर पोहोचली, पण मराठीची भेट झाली नाही.

ती भेट वेगळ्या वाटेने झाली. स्वतःच्या पुस्तकाची बेढब मुद्रिते पाहून डोनाल्ड कनूथ या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७७ मध्ये 'टेक' लिहायला घेतले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर 'लेटेक' उभारले. यात पान हाताने सजवायचे नसते. मजकुरात खुणा घालून सांगायचे असते: हे प्रकरणाचे नाव, ही तळटीप, एवढा भाग उर्दू. मांडणी, अनुक्रमणिका, पानांचे आकडे यंत्र करते. उलटसुलट दिशांच्या लिप्या एकत्र कशा छापायच्या, यावर कनूथ आणि पिअर मॅके यांनी १९८७ मध्येच लेख लिहिला. १९९१ च्या सुमारास फ्रान्स वेल्टहाउस यांनी देवनागरीची, १९९२ मध्ये क्लाउस लागाली यांनी अरबी लिपीची सोय केली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे 'झीटेक' आले. ते युनिकोड थेट वाचते, त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच फाइलमध्ये मावतात.

चाळिशीत हे शिकणे सोपे नव्हते. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला की सगळे काम अडते. "सर, वर्डमध्ये होत नाही का?" सहकारी विचारतात. चार पानांचे होते. पण दोनशे पानांत एक शब्द घातला की काय होते, ते मी भोगले आहे. आता शब्द वाढला तर पुन्हा एकदा आज्ञा द्यायची, पाने आपोआप जुळतात. शिवाय मूळ फाइल म्हणजे साधा मजकूर. फॉन्ट गेला तरी शब्द जात नाहीत.

आपल्यापैकी अनेकांकडे जुन्या फॉन्टमधली हस्तलिखिते, शाळेच्या स्मरणिका, एखाद्या बुजुर्गांचा दीवान पडून असेल. लेटेक नंतर शिका, पण तो संगणक चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवा. माझा अर्धा शब्दसंग्रह मला पुन्हा वहीवरून टाइप करावा लागला. वही होती म्हणून वाचलो.