हुंकार

आमच्या आत्याआजीला अक्षरओळख नव्हती, पण घरात पुस्तक उघडलं की सगळ्यांत आधी तीच येऊन बसायची. ओटीच्या कडेला, भिंतीला पाठ टेकून, पुढ्यात नारळाच्या झावळ्या आणि हातात सुरी. आजोबा वाचायचे, ती हीर काढायची. दर तीन-चार वाक्यांनी तिच्याकडून "हं" यायचा. तो आला की आजोबा पुढे जात. नाही आला तर थांबत, चष्म्यावरून तिच्याकडे बघत आणि तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश वाचत. "वाचायला दोन माणसं लागतात," ती आम्हा मुलांना सांगायची. "एक वाचणारं आणि एक हं म्हणणारं."

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचं आमचं घर, ती ओटी आणि हिराचा तो चर्र आवाज, एवढीच माझी वाचनालयाची पहिली आठवण. तिथे ना कपाट होतं, ना फलक. होती ती एक पत्र्याची ट्रंक, आणि तिच्यात पुस्तकं कशी आली याची गोष्ट आजोबा आणि आत्याआजी दोघं मिळून सांगत. एकाचं काही राहिलं तर दुसरं ते जोडून देई.

गोष्ट चाळीस-पन्नासच्या दशकांतली. आमचे चुलत आजोबा मुंबईला गिरगावात नोकरीला होते. मे महिन्यात घरी यायचे ते बोटीनं. बोट जयगडला थांबायची आणि तिथून पडावात उतरून किनारा गाठायचा. डोक्यावरच्या बोजात घरच्यांसाठी लुगडी, मुलांसाठी खाऊ आणि तळाशी, फडक्यात बांधलेली, रस्त्यावरच्या जुन्या बाजारातून घेतलेली पाच-सहा पुस्तकं असायची. मे सरला की समुद्र खवळायचा, बोटी बंद व्हायच्या आणि त्या पुन्हा सुरू व्हायच्या पावसाळा ओसरल्यावर. म्हणून घरात त्यांना नावच पडलं होतं: शेवटच्या बोटीची पुस्तकं. ती चार महिने पुरवायची. घासलेटही जपून वापरायचं, तेव्हा एका रात्री वाचायचं किती ते कंदील ठरवायचा. वात तांबडी होऊन काजळी धरू लागली की आजोबा वाचता वाचता थांबत, मग गोष्ट कितीही रंगात आलेली असो.

बाहेर पागोळ्यांची धार लागलेली असायची. इरली पडवीत टेकवून शेजारची माणसं येत. कुणी हीर काढी, कुणी सुतळी वळी, कुणाच्या मांडीवर मूल झोपलेलं असे. आलेल्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत सबंध देशात शंभरातल्या अठरा माणसांनाच अक्षरओळख होती आणि बायकांचं पाहिलं तर शंभरात नऊसुद्धा नव्हत्या. आत्याआजी उरलेल्या एक्क्याण्णवांतली. पण श्रावणात हरिविजय आणि शिवलीलामृताच्या पोथ्या ऐकत वाढलेले कान होते तिचे. आजोबांनी घाईत एखादी ओळ गाळली तर ती हातातली सुरी खाली ठेवायची. "भाऊ, काहीतरी सुटलं," म्हणायची. आणि खरोखरच सुटलेलं असायचं.

'श्यामची आई' आमच्या ओटीवर अशीच पोचली. साने गुरुजी आमच्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्यातल्या प्रकरणांना त्यांनी नाव दिलं 'रात्र'. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस रात्री. आश्रमातली मंडळी भोवती बसली आहे आणि श्याम सांगतो आहे, अशी सगळी मांडणी. म्हणजे ऐकणाऱ्यांची जागा पुस्तकातच राखून ठेवलेली. आत्याआजी सांगायची, त्या पावसाळ्यात एका दिवशी एकच रात्र वाचायची असा आमच्याकडे नेम होता. दुसरी वाचा म्हणून कुणी आग्रह धरला तर आजोबा म्हणत, "आजची झाली. उद्याची उद्या." संपलं तेव्हा शेजारची एक बाई चूल पेटवायला उठली नाही म्हणे, तिथेच बसून राहिली.

वाचनालयांच्या इतिहासात अशा ओट्यांचा उल्लेख नसतो, इमारतींचा असतो. आमच्या जिल्ह्याला तोही मोठा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याचं नाव घेतात. त्याच्यानंतर वीस वर्षांनी पुण्याचं नगर वाचन मंदिर निघालं, पासष्ट वर्षांनी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. पण मालगुंडहून रत्नागिरी पंचवीसेक किलोमीटर, मध्ये आरे-वारेकडच्या खाड्या, त्यांवर तेव्हा पूल नव्हते. पुस्तक बदलायला तरीतून खाड्या ओलांडून शहरात कोण जाणार? हा प्रश्न सयाजीराव गायकवाडांना फार आधी पडला होता. त्यांनी १९१० साली बडोद्यात अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डेन यांना बोलावलं, गावोगावी वाचनालयं काढली आणि जिथे वाचनालय निघणं शक्य नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या घरोघरी पोचवायला घेतल्या, त्यांची जातकुळीही तीच. आमच्या ओटीवरची ट्रंक म्हणजे अशीच एक पेटी, फक्त तिच्यामागे कुठलं संस्थान नव्हतं. एका चाकरमान्याचा पगार होता.

याच मालगुंडात १८६६ साली कृष्णाजी केशव दामले जन्मले. केशवसुत. गावाला हे कितपत ठाऊक होतं? आत्याआजी सांगायची की तिच्या लहानपणी "दामल्यांचं घर" म्हणून एक घर सगळ्यांना माहीत होतं, तिथला कवी मात्र कुणाला माहीत नव्हता. ते साहजिकच होतं. वडील शिक्षक, पुढे कुटुंब दापोलीकडे वळण्याला गेलं. मुलाचं शिक्षण कुठे बडोदा, कुठे पुणे असं होत राहिलं, शिक्षकाची नोकरी कुठे फैजपूर, कुठे धारवाड. कविता 'करमणूक', 'काव्यरत्नावली' अशा नियतकालिकांतून छापून येत होत्या, पण हयातीत एकही संग्रह निघाला नाही. ७ नोव्हेंबर १९०५ ला, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, प्लेगनं हुबळीत त्यांना नेलं. पाठोपाठ त्यांची पत्नीही गेली. हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या कविता पुस्तकरूपानं काढल्या त्या १९१७ साली. ज्यानं मराठी कवितेला तिचं आजचं वळण दिलं, इंग्रजी सॉनेटचा चौदा ओळींचा घाट मराठीत आणला, त्याला स्वतःचं पुस्तक हातात धरायला मिळालं नाही. आपल्या गावचा हुंकारही ऐकायला मिळाला नाही.

चुलत आजोबांनी केशवसुत घरी आणले ते अशाच एका शेवटच्या बोटीनं. 'तुतारी' १८९३ सालची कविता. आजोबांनी ती ओटीवर वाचली तेव्हा आत्याआजीनं विचारलं होतं, "शिमग्यात पालखीपुढे फुंकतात ती?" आजोबा म्हणाले, "तीच. फक्त ही झोपलेल्या माणसांसाठी आहे." मग तिला सगळं लागलं. गावात जन्मलेल्या माणसानं गावच्याच वाद्याचं नाव घेऊन सगळ्या मराठी मुलखाला जागं केलं, हे तिला फार महत्त्वाचं वाटायचं. ऐकून ऐकून ती कविता तिला पाठ झाली. पुढे आम्हा मुलांकडून तिनंच ती करवून घेतली, हिराच्या जुडीनं जमिनीवर ठेका धरत.

कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक, लेखक मधु मंगेश कर्णिक यांनी केशवसुतांच्या जन्मगावी त्यांचं स्मारक व्हावं हा ध्यास घेतला आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कुसुमाग्रज तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. मी त्या दिवशी गावात नव्हतो. आई सांगते ते इतकंच, की मे महिन्याची काहिली होती, आणि ऐंशीला टेकलेली आत्याआजी नवं लुगडं नेसून, कुणाचा हात न धरता चालत गेली. परत आल्यावर तिनं आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून एवढंच सांगितलं, "भाऊ, दामल्यांच्या घरी आज सगळा गाव होता." कवी गेल्याला तेव्हा एकोणनव्वद वर्षं होत आली होती.

स्मारकात ते कौलारू घर जपलं आहे. आवारात केशवसुतांच्या कविता कोरून लावल्या आहेत. एका दालनात त्यांच्यानंतरच्या कवींची छायाचित्रं आणि त्यांच्या कविता आहेत, आणि वाचायला पुस्तकं आहेत. गणपतीपुळ्याला आलेली माणसं वाट वाकडी करून इथे येतात. पण स्मारक मला माझं वाटलं ते त्यातल्या वस्तूंमुळे नाही, एका दुपारमुळे. उद्घाटनानंतर तीन-चार वर्षांनी असेल, शाळेतल्या मुलांचं काव्यवाचन होतं. मी आत्याआजीला घेऊन गेलो होतो. मुलं एकामागून एक येत, पाठ केलेलं घडाघडा म्हणत आणि पळत. मग पाचवी-सहावीतली एक मुलगी 'तुतारी' म्हणू लागली. दोन ओळी झाल्या आणि मागच्या रांगेतून स्पष्ट आवाज आला, "हं."

मुलगी थबकली. हसण्याची कुजबुज झाली. तिनं मागे बघितलं, आत्याआजीनं मान हलवली, आणि मुलगी पुढच्या दोन ओळी म्हणाली, पण आता सावकाश. पुन्हा "हं". तिसऱ्या कडव्यापर्यंत तिला कळलं होतं की कुणीतरी खरोखर ऐकतं आहे. तिनं पाठांतर सोडलं आणि ती कविता सांगू लागली. माझ्या अंगावर काटा आला होता. आजोबांना जाऊन काही वर्षं झाली होती आणि आमची ओटी त्या सभागृहात येऊन बसली होती.

तेव्हापासून मी कुठल्याही वाचनालयाच्या कार्यक्रमाला गेलो की हा हुंकार शोधतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली आला, त्यामुळे आज राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान. तुटपुंज्या मानधनावर तिथले ग्रंथपाल दार उघडतात, पावसाळ्यानंतर पुस्तकं उन्हात घालतात, वाळवीशी झुंजतात, नोंदवह्या राखतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला रंगनाथनांच्या जयंतीला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असे दिवस ते साजरे करतात. अलीकडे पुस्तकांचं गाव म्हणूनही मालगुंडचं नाव घेतलं जातं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं सांगितली त्यांतलं शेवटचं असं, की ग्रंथालय ही वाढती, जिवंत गोष्ट आहे. जिवंत गोष्टीला खायला लागतं, आणि ग्रंथालयाचं खाणं म्हणजे तिथे येऊन बसणारी माणसं.

म्हणून मला वाटतं, वाचनालयातला कार्यक्रम म्हणजे पुस्तकांच्या कामातून काढलेली सवड नव्हे. तेच मूळ काम आहे. पुस्तक घरी नेऊन एकट्यानं वाचणं ही पुढची पायरी, आधीची पायरी कुणीतरी मोठ्यानं वाचणं ही आहे. ज्याचे डोळे अधू झाले, ज्याला शाळेत अक्षरांची भीतीच बसली, जिला दिवसभराच्या कामातून पुस्तक हातात धरायला सवड नाही, अशांना वाचनालयात एवढ्याच दारानं शिरता येतं. त्याला व्यासपीठ लागत नाही, शाल-श्रीफळ लागत नाही. एक वाचणारा लागतो, एक दिवा आणि हातातलं काम घेऊन आलेली दहा माणसं. मालगुंडला हे शक्य आहे, कारण मालगुंडनं हे केलेलं आहे.

आत्याआजी गेल्यावर ट्रंक उघडली. कोकणातली दमट हवा, त्यात किती वर्षं कुणी ऊन दाखवलं नव्हतं. तळची पुस्तकं वाळवीनं संपवली होती, पानांची माती झाली होती. वरची काही वाचली, त्यांत बदामी कागदाचं कव्हर घातलेली 'श्यामची आई' होती. मी ती चाळली. समासात पेन्सिलीनं बारीक फुल्या होत्या. कंदील विझायला आला की आजोबा जिथे थांबत, तिथे फुली. काही पानांवर फुलीशेजारी त्यांच्या किरट्या अक्षरात एकच शब्द होता: 'पुन्हा'. कुठे एकदा, कुठे दोनदा, शेवटाकडच्या एका पानावर तर चार वेळा. मी आईला विचारलं, हे कशासाठी. तिनं पुस्तक हातात घेतलं, पान डोळ्यांजवळ नेलं. म्हणाली, "आत्या म्हणायच्या ना, भाऊ, तेवढं पुन्हा वाच. ते लिहून ठेवलंय त्यांनी."

आत्याआजीच्या हातचं एक अक्षर घरात नाही. तिला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा द्यायची. पण तिनं काय ऐकलं, कुठे थांबली आणि काय तिला दुसऱ्यांदा हवं झालं, ते या समासांत लिहिलेलं आहे.