कोरड्या माशीचे कूळ

पिसे, लोकर आणि रेशीम गळाभोवती बांधून कीटकाचा आभास निर्माण करायचा आणि त्यावर ट्राउट मासा भुलवायचा, हे तंत्र ‘फ्लाय फिशिंग’ या नावाने ओळखले जाते. यातील ‘फ्लाय’ला मराठीत ‘माशी’च म्हणावे लागते, ‘मक्षिके’पासून आलेली माशी आणि ‘मत्स्या’पासून आलेला मासा यांची कुळे निराळी असली, तरी मराठीने त्यांना उच्चारात शेजारी आणून बसवले आहे. इ.स. 200 च्या सुमारास ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या एलियन या रोमन लेखकाने, मॅसिडोनियातील कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधत आणि ठिपकेदार मासे पकडत, असे नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेल्या एका प्रबंधात अशा 12 माश्यांची कृती आढळते. पुढील साडेतीनशे वर्षे मात्र ही माशी बहुधा पाण्यात बुडवूनच वापरली जात असे.

ती पाण्यावर तरंगू लागली याचे श्रेय माणसांइतकेच भूगोलालाही द्यावे लागते. दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या, म्हणजे मऊ व सच्छिद्र चुनखडीच्या, थरांतून फुटणाऱ्या झऱ्यांवर पोसल्या जातात. हिवाळ्यात मुरलेला पाऊस महिनोन्‌महिने खडकात गाळला जाऊन साधारण 10 ते 11 अंश सेल्सिअस तापमानाने बाहेर पडत असल्याने, डोंगरी नद्या शरदातील पावसाने गढूळ होऊन फुगतात तेव्हाही हे प्रवाह सहसा नितळ आणि संथ राहतात. अशा पाण्यात ट्राउट एकाच जागी स्थिर राहून वाहत येणारे कीटक पृष्ठभागावर टिपतो. तो काठावरील माणसाला दिसतो आणि माणूसही त्याला दिसतो. सप्टेंबरात, झऱ्यांचा जोर ओसरून पाणी उथळ झालेले असते आणि हिवाळ्यातील प्रजननापूर्वी मासा अंगावर मांस चढवत असतो, तेव्हा या परस्परदर्शनाची कसोटी लागते. बुडालेली, ओढली जाणारी माशी त्याला फसवू शकत नाही.

यावरचा उपाय म्हणजे कोरडी माशी. कोंबड्याच्या मानेच्या ताठ पिसांचे केस गळाभोवती चक्राकार उभे केले की त्यांच्या टोकांवर माशी पाण्यावर तोलून राहते. ती भिजू लागली की दोरी हवेतच मागेपुढे फिरवून पाणी झटकायचे आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला, नेमक्या माशासमोर, ती अलगद उतरवायची. या सततच्या झटक्यांनी गळाच्या दांड्याला बांधलेला, रेशीमकिड्यापासून काढलेला तंतू तुटे आणि चांगली माशी वाया जाई. एच. एस. हॉल यांनी 1879 च्या सुमारास सुधारलेल्या छिद्राच्या गळाने ही अडचण दूर केली. तंत्राच्या इतिहासात असे बारकावे ग्रंथांपेक्षा अधिक निर्णायक ठरतात, हे ग्रंथकार क्वचितच कबूल करतात.

ग्रंथकार म्हणजे फ्रेडरिक हॅलफोर्ड. त्यांनी जॉर्ज मॅरियट यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासातून 1886 साली तरंगत्या माश्यांवरील पुस्तक सिद्ध झाले. मासा पृष्ठभागावर खाताना दिसल्यावरच, आणि तोही तरंगत्या माशीने, धरावा हा त्यांचा आग्रह अनुयायांनी धर्मशास्त्राच्या पातळीवर नेला, आणि सोयीतून जन्मलेली रीत सोवळ्याची झाली. या सोवळ्याला हात घातला तो लंडनचे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी. ट्राउट पुष्कळदा पृष्ठभागाखालीच कीटकांच्या अपक्व अवस्था खातो, हे इचेनवर पाहून त्यांनी 1910 च्या पुस्तकात बुडत्या माशीची बाजू मांडली आणि पुढे त्या अवस्थांच्या प्रतिकृती बांधल्या. वाद इतका चिघळला की हॅलफोर्ड यांच्या निधनानंतर 24 वर्षांनी, 1938 साली, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर जाहीर चर्चा घ्यावी लागली, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरील स्क्यूज यांना तेथेही आपल्या माशीचा बचाव करावा लागला.