पुढचा टायर एकाच बाजूने का झिजतो? बग्गीच्या आसापासून नगरच्या चाचणी-मार्गापर्यंत

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रणगाड्यांच्या गर्दीत रोल्स-रॉइसची एक चिलखती मोटार उभी आहे. मुळात 'सिल्व्हर घोस्ट' ही धनिकांची मोटार. पहिल्या महायुद्धात तिच्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि फिरता मनोरा चढवला गेला व वजन पावणेपाच टनांच्या घरात गेले. मागे दुहेरी चाके आली, पाटे भक्कम केले गेले. पुढे मात्र रचना तीच राहिली : आडवा अखंड आस, पाटे आणि दोन टोकांना वळणारी दोन चाके. मोटारीच्या इतिहासातला एक चिवट प्रश्न याच दोन चाकांपाशी सुरू होतो.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. दोन चाके, एक आस, आणि वळण्याचे काम कासऱ्याच्या इशाऱ्यावर बैलांकडे. वळताना बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, आतले कमी, आणि दोन्ही आपापल्या गतीने फिरत असल्याने कोणीच फरफटत नाही.

चार चाकी बग्गी आली आणि अडचण उभी राहिली. जुन्या बग्गीत पुढचा संपूर्ण आसच मधल्या खिळीभोवती वळत असे. तीव्र वळणावर चाके गाडीखाली जात आणि बग्गी कलंडे. म्युनिकचा बग्गीकार गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याने तोडगा काढला : आस स्थिर ठेवायचा आणि चाके त्याच्या टोकांवर स्वतंत्र खिळ्यांभोवती वळवायची. लंडनमध्ये त्याच्या वतीने १८१८ साली पेटंट घेतले ते रुडॉल्फ आकरमान या प्रकाशकाने, आणि नाव त्याचेच चिकटले. (चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी अशीच कल्पना त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी मांडली होती. शोधकाचे श्रेय हा इतिहासातला बेभरवशाचा माल आहे.)

या रचनेचे मर्म असे की वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळले पाहिजे. दोन्ही समांतर राहिली तर एक चाक गडगडते आणि दुसरे घासत जाते. लोखंडी धाव घासली तरी कोणाच्या फारसे लक्षात येत नसे. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला आणि चित्र पालटले. रबर मऊ, म्हणून ते प्रत्येक चूक अंगावर उमटवून घेते.

ती चूक किती मोठी असते? एखादे चाक सरळ रेषेपासून अवघा एक अंश तिरपे असेल, तर ते दर किलोमीटरला सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासते. नगर ते पुणे हे अंतर साधारण १२० किलोमीटर. म्हणजे एका फेरीत तो टायर दोन किलोमीटरहून अधिक अंतर निव्वळ फरफटतो. गॅरेजमधली मंडळी 'गाडी टायर खाते' म्हणतात, तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसते.

अशा झिजेचे वाचन ही एक जुनी विद्या आहे आणि तिचे पहिले साधन म्हणजे तळहात. टायरवरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागले, तर दोष 'टो'चा, म्हणजे चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळल्याचा. एकच कड सरसकट झिजली असेल, तर संशय 'कॅम्बर'वर, म्हणजे चाक उभ्या रेषेतून कलल्यावर. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त. आणि ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर चाक रस्त्यावर नुसते फिरत नसून नाचते आहे : शॉकॲब्सॉर्बर थकले आहेत, बॅलन्सिंग बिघडले आहे किंवा कुठला तरी जोड सैल झाला आहे.

१९२०च्या दशकात हे नाचणे भयंकर झाले. कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक जवळपास एकदमच आले, आणि ठरावीक वेगाला पुढची चाके डावी-उजवी थरथरू लागली. कारण भोवऱ्याच्या ओळखीचे आहे. फिरत्या भोवऱ्याला तिरपे ढकलले की तो भलत्याच दिशेला वळतो. अखंड आसावर एक चाक उंचवट्यावर चढले की दोन्ही चाके कलतात, आणि फिरती चाके कलली की ती आपोआप वळतात.

उपाय एकच होता : दोन चाकांची ताटातूट. इटलीच्या लान्चियाने १९२२ सालीच 'लाम्ब्डा' मोटारीत तो अमलात आणला. अमेरिकेत तो रुजवला मॉरिस ओली या अभियंत्याने. रोल्स-रॉइसमध्ये घडलेला ओली १९३० साली कॅडिलॅकमध्ये गेला. हलवता येणारी वजने बांधलेल्या प्रयोगाच्या मोटारीवर त्याने हेलकाव्यांचा अभ्यास केला आणि १९३४च्या गाड्यांत पुढची चाके स्वतंत्र झाली.

या सुखाची किंमत फारशी सांगितली जात नाही. अखंड आसात चाकाचा कल सहसा बदलत नाही. आस वाकला किंवा किंगपिन झिजली तरच तो बिघडतो. स्वतंत्र रचनेत मात्र आर्म, बुश, बॉल जॉइंट अशी साखळी आली, आणि साखळीतला प्रत्येक जोड झिजणारा. प्रवास जितका मऊ झाला, तितके संशयित वाढले. भारतात ॲम्बेसेडर आणि फियाट यांनी ही स्वतंत्र चाके घरोघरी आणली. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली ती मॅकफर्सन स्ट्रट घेऊन. त्या रचनेत वरचा आर्मच नाहीसा झाला. अशा बहुतेक गाड्यांत 'टो' जुळवता येतो, पण 'कॅम्बर' जुळवण्याची सोय नसते. म्हणून कॅम्बर बिघडला असेल तर काहीतरी वाकले आहे किंवा झिजले आहे. ते न शोधता केलेली अलाइनमेंट म्हणजे ताप न पाहता दिलेले औषध.

लष्कराने या मऊपणाचा मोह बराच काळ टाळला. जबलपूरला तयार होणारे शक्तिमान ट्रक आणि जोंगा यांना पुढेही अखंड आस आणि पाटेच होते. मोडले तर डोंगरात, मोजक्या हत्यारांनी दुरुस्त व्हावे, हा हिशेब. तो हिशेब तपासण्याचे काम ज्या संस्थांकडे आले, त्यांतली एक प्रमुख संस्था नगरची. १९२९ साली चकलाला (आज पाकिस्तानात) येथे लष्करी वाहनांच्या तपासणीचे एक छोटे केंद्र सुरू झाले. फाळणीच्या सुमारास ते नगरला आले आणि त्याच परंपरेतून वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, उभी राहिली. पुढे रणगाड्यांचे मुख्य संशोधन चेन्नईजवळच्या अवाडीला गेले. चाकांच्या वाहनांचे काम नगरमध्येच राहिले. रस्ता चांगला असावा म्हणून सारा जिल्हा झगडत असताना, इथल्या चाचणी-मार्गांवर मात्र खडबडीत पृष्ठभाग मुद्दाम जतन केलेले असतात. सैनिकाच्या हाती गाडी जाण्यापूर्वी तिचा सैल जोड इथेच सापडावा, हा त्यामागचा हेतू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम १२६मध्ये या संस्थेचे नाव आहे. त्यामुळे नागरी वाहनांच्या नमुन्यांची तपासणीही इथे होऊ शकते.

त्याच नियमावलीतला नियम ९४ टायरच्या खाचांची किमान खोली ठरवतो : दुचाकी व तीनचाकींसाठी ०.८ मिलिमीटर, इतरांसाठी १.६ मिलिमीटर. नियम सोपा आहे, फसवणूक वेगळ्या ठिकाणी होते. कॅम्बर किंवा टो बिघडलेला टायर अनेकदा आतल्या कडेने झिजतो. गाडीशेजारी उभ्या माणसाला बाहेरची कड दिसते, ती नवी असते. आत मात्र पोलादी तारा उघड्या पडलेल्या असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. मग पुढचे चाक नीट जॅकवर उचलून आधी वर-खाली धरून हलवायचे, नंतर डावी-उजवीकडे धरून. पहिल्या हालचालीत खडखड झाली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, फक्त दुसऱ्या हालचालीत झाली तर बहुधा टाय रॉड एंड. नवा टायर आणि अलाइनमेंट, दोन्ही त्यानंतर.