सुवर्णयुगाचे माप

जाम नदीकाठच्या सावरगाव-पांढुर्णा परिसरात गतवैभवाचा विषय निघाला म्हणजे देवगडच्या गोंड राज्याचे स्मरण होणे साहजिक आहे. राजा बख्तबुलंद याने शेतकरी व कारागीर यांना आपल्या मुलखात वसविले आणि १७०२ च्या सुमारास नागपूर शहराचा पाया घातला. आज राष्ट्राच्या प्रगतीची तुलना अशाच सुवर्णयुगांशी केली जाते. परंतु ती कोणत्या मापाने करावी, हे प्रथम ठरविले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

शलमोनाच्या काळाचे वर्णन करताना पवित्र शास्त्राने दोन्ही बाजू नोंदविल्या आहेत. प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली व अंजिराखाली निर्भय राहत असे (१ राजे ४:२५). तथापि त्याच राजाने ३०,००० इस्राएल लोक वेठीस धरले (५:१३), आणि त्या जोखडापायीच रहबामाच्या वेळी राज्य दुभंगले. मंदिराचे सोने सर्वांस दिसले. वेठ्याचा घाम शास्त्रलेखकाने दाखविला.

१९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद २३ अन्वये वेठबिगारीस मनाई केली. हे अभय शलमोनाच्या प्रजेस लाभले नव्हते. म्हणूनच पूर्वीच्या दिवसांसाठी झुरण्यात शहाणपण नाही, हा उपदेशकाचा इशारा (७:१०) आम्ही मनावर घ्यावा. मात्र वर्तमानासही तेच माप लावले पाहिजे. संत्र्याच्या बागेत राबणारा मजूर स्वतःच्या झाडाखाली निर्भय बसू शकतो काय? राष्ट्रासाठी प्रार्थना करताना आम्ही सेवकांनी हा प्रश्न मंडळीपुढे ठेवावा.